प्राणिसंग्रहालयातला हत्ती हलवायचाय? आधी ‘कुठे’ ते ठरवा

एकटा हत्ती कठड्यापलीकडे झुलताना दिसतो. कुणीतरी व्हिडिओ काढतं, खाली ‘याला सोडा’ असं लिहितं आणि चार दिवस तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरतो. बहुतेक मोहिमा इथे सुरू होतात आणि इथेच विरतात. कारण पुढे कधीतरी एखादा अधिकारी शांतपणे विचारतो, ‘सोडा म्हणजे नेमकं कुठे?’ आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

दिल्लीच्या शंकरचं उदाहरण घ्या. हा आफ्रिकन हत्ती, झिंबाब्वेकडून भेट म्हणून आलेला. सोबतची हत्तीण मेल्यानंतर तो वर्षानुवर्षं एकटा राहिला. आशियाई हत्तींबरोबर त्याचं जमलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं, त्यानंतर साखळदंड निघाला, नवी जोडीदारीण आणायची बोलणीही सुरू झाली. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला शंकर गेला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. मोहीम चुकीची नव्हती. पण आफ्रिकन हत्ती भारतात अगदी मोजके, त्याला सामावून घेईल अशी जागा सहज मिळणारी नव्हती, आणि परदेशाच्या वाटेवर कागद हलत राहिले. खाली जे लिहिलंय ते नव्याने या कामात उतरणाऱ्यांसाठी आहे. क्रम महत्त्वाचा आहे, पण प्रत्यक्षात दोन-तीन कामं एकाच वेळी चालतात.

हत्ती कुणाचा आहे ते शोधा

देवस्थानचा हत्ती, खासगी मालकीचा हत्ती आणि प्राणिसंग्रहालयाचा हत्ती यांचे कागद वेगळे, दारं वेगळी. प्राणिसंग्रहालयातही फरक आहे. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रज महापालिकेकडे, नागपूरचं महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे, दिल्लीचं थेट केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे. महापालिकेचं संग्रहालय असेल तर आयुक्त आणि नगरसेवक तुमचे. मंत्रालयाचं असेल तर खासदाराकडून संसदेत प्रश्न विचारून घ्यावा लागेल. चुकीच्या दारावर वर्ष घालवलेले लोक या क्षेत्रात पुष्कळ भेटतात.

मालक कुणीही असो, वर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहेच. वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अशा प्राण्याची देवाणघेवाण कुठलंही प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय करू शकत नाही. याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये आदेश काढला होता की प्राणिसंग्रहालयं आणि सर्कशींतले हत्ती वनखात्याच्या कॅम्पांमध्ये आणि पुनर्वसन केंद्रांत हलवावेत. तेव्हा २६ प्राणिसंग्रहालयं आणि १६ सर्कशींत मिळून सुमारे १४० हत्ती होते. हा आदेश तुमच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात हवा. मात्र तो दाखवला की काम झालं असं समजू नका. त्यानंतरही दिल्ली-म्हैसूरसारख्या ठिकाणी हत्ती राहिलेच.

हत्तीकडे बघायला शिका

‘बिचारा किती उदास आहे’ हे वाक्य कुठल्याही फाइलमध्ये टिकत नाही. समोरचा पशुवैद्य म्हणेल, आम्हाला तर तो मजेत दिसतो. म्हणून वही घ्या आणि जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा. वेगवेगळ्या वारी, सकाळी दार उघडल्यावर आणि संध्याकाळी बंद व्हायच्या आधी, प्रत्येक वेळी अर्धा तास. नोंद अशी हवी: ‘११.१० ते ११.४०. उजवा पुढचा पाय साखळीत. डोकं डावी-उजवीकडे सतत झुलतंय, अर्ध्या तासात फक्त दोनदा थांबला, दोन्ही वेळा चाऱ्याची गाडी आली तेव्हा. सावली आहे, पण साखळी तिथवर पोचत नाही.’

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ‘सावली आहे’ असं संग्रहालय उत्तरात लिहिणारच. साखळी तिथवर पोचत नाही हे फक्त तिथे उभं राहून पाहणाऱ्यालाच दिसतं.

पाय सगळ्यात जास्त सांगतात. आशियाई हत्तीच्या पुढच्या पायाला साधारण पाच आणि मागच्याला चार नखं असतात. नखाला उभी भेग आहे का, नखाच्या वरची कातडी सुजलीय का, तिथून काही पाझरतंय का, हत्ती एकच पाय पुन्हा पुन्हा उचलून धरतोय का, हे दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं. दिवसरात्र काँक्रीटवर, स्वतःच्याच मुतात उभ्या राहणाऱ्या हत्तीचे तळवे आधी कुजतात. बंदिवासातल्या हत्तींचा जीव बऱ्याचदा पायांनी आणि सांध्यांनी जातो, ही गोष्ट हत्तींच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

झुलण्याबद्दल एक सावधगिरी. कठड्याशी आलेले आईबाप पोरांना सांगतात, ‘बघ, कसा डुलतोय!’ त्यांच्याशी वाद घालू नका. आणि झुलणं हा एकमेव पुरावाही धरू नका. लहानपणी लागलेली ही खोड चांगल्या जागी गेल्यावरही काही हत्तींमध्ये उरते, आणि मग विरोधक म्हणतात, ‘तिथेही झुलतोच की.’ नर असेल तर आणखी एक गोष्ट बघा: डोळा आणि कान यांच्या मधून मद वाहत असेल तर तो माजावर आहे. त्या काळात त्याला बांधून ठेवलेलं दिसलं तर नोंद करा, पण तोच फोटो ‘बारा महिने साखळदंडात’ म्हणून वापरू नका. एक खोटी ओळ सापडली की बाकीची वही कचऱ्यात जाते.

माहिती अधिकार, नेमक्या शब्दांत

महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये लागतात. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा असा इथला नियम आहे, त्यामुळे सगळा राग एका अर्जात ओतू नका. पहिला अर्ज साधारण असा करा: ‘आपल्या प्राणिसंग्रहालयातील (नाव) या हत्तीच्या गेल्या तीन वर्षांतील वैद्यकीय नोंदवहीच्या प्रती, क्षयरोग तपासणीच्या अहवालांच्या प्रती, दैनंदिन आहार नोंदवहीच्या गेल्या तीन महिन्यांच्या प्रती, हत्तीसाठी मंजूर आणि भरलेल्या पदांची संख्या द्यावी.’ दुसरा अर्ज केंद्रीय प्राधिकरणाला: त्या संग्रहालयाचे मूल्यमापन अहवाल, त्यात हत्तीबद्दल काढलेल्या त्रुटी आणि त्यावर संग्रहालयाने पाठवलेलं उत्तर.

‘हत्तीला त्रास होतो का?’ असा प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात मत मिळत नाही, कागद मिळतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ आलं, तर पहिलं अपील करा. महाराष्ट्रात त्याचं शुल्क वीस रुपये. गंमत म्हणजे ‘पायांच्या उपचाराची नोंद उपलब्ध नाही’ हे उत्तर कधी कधी नोंदीपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

आलेले कागद आणि तुमची वही शेजारी शेजारी ठेवा. नोंदवहीत ‘रोज दोन तास फिरवणे’ लिहिलंय आणि तुमच्या एकाही नोंदीत हत्ती जागचा हललेला नाही? तुमच्या निवेदनाचा गाभा सापडला.

माहुताला शत्रू करू नका

नवे कार्यकर्ते हमखास इथे चुकतात. अंकुश हातात असलेल्या माणसाचा व्हिडिओ काढायचा, तो व्हायरल करायचा. त्याची नोकरी बहुधा कंत्राटी असते. त्याला काढून टाकणं हा प्रशासनाचा सगळ्यात सोपा मार्ग. हत्ती तिथेच राहतो आणि त्याला ओळखणारा एकमेव माणूस जातो. त्याच्याशी बोला, कॅमेरा बंद ठेवून. ‘काका, रात्री याला कुठं बांधता? पावसाळ्यात पायाचं काय करता?’ कुठला पाय दुखतो, हत्ती कशाला घाबरतो, कुठल्या हाकेला ओ देतो, हे तोच सांगेल, आणि हलवण्याच्या दिवशी त्याच्याशिवाय पान हलणार नाही. त्याचं नाव मात्र कुठेही लिहू नका. आणि तुमच्या मागण्यांमध्ये पहिल्या दिवसापासून एक ओळ ठेवा: हत्तीबरोबर माहुतालाही नव्या जागी काम मिळावं किंवा इथेच दुसऱ्या पदावर घ्यावं.

जागा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

लॉस एंजेलिसमध्ये बिली या हत्तीसाठी कित्येक वर्षं मोहीम चालली. २०२५ मध्ये बिली आणि तिथलीच हत्तीण टीना दोघे हलले खरे, पण टल्साच्या, म्हणजे दुसऱ्याच प्राणिसंग्रहालयात. ‘इथून हलवा’ एवढीच मागणी कानावर पडली तर प्रशासनाला ती अशीही पूर्ण करता येते. म्हणून ‘कुठे’ हे मागणीतच लिहा.

भारतात पर्याय थोडे आहेत. मथुरेला वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचं केंद्र २०१० पासून आहे, शेजारी हत्तींचं रुग्णालय आहे. कर्नाटकात बन्नेरघट्टा आणि कोलार जिल्ह्यातलं मालूर, केरळात कोट्टूर, तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ एम. आर. पाळयम. गुजरातेत जामनगरचं वनतारा, रिलायन्स समूहाचं. महाराष्ट्रात गडचिरोलीचा कमलापूर कॅम्प हा वनखात्याचा, जंगलातला. प्रत्येक केंद्राला आधी पत्र लिहा, शक्य असेल तर जाऊन या, आणि हे विचारा: हत्ती दिवसाचे किती तास साखळीशिवाय असतात? तुमच्याकडे याच जातीचे, याच्याशी जमेल अशा वयाचे हत्ती किती? नर वेगळा ठेवायची सोय आहे का, माजाच्या काळात काय करता? पर्यटक पाठीवर बसतात का, सोंडेला हात लावतात का? पिल्लं होऊ देता का? रात्री डॉक्टर असतो का? नव्या हत्तीला विलगीकरणात किती दिवस ठेवता? आणि प्राधिकरणाची मान्यता सध्या चालू आहे का? उत्तर ‘या, बघा’ असं आलं तर निम्मं काम झालं. फक्त छान फोटोंचा अल्बम आला तर थोडं थांबा.

वनताराबद्दल बाजूने आणि विरोधात खूप बोललं जातं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नेमलेल्या विशेष तपास पथकाने त्याला क्लीन चिट दिली, हे तुमच्या विरोधकांना आणि समर्थकांना दोघांना माहीत असतं. तरी वरचे प्रश्न तिथेही तेच विचारा. कुठलंही केंद्र नावावर स्वीकारू नका आणि नावावर नाकारू नका.

शेवटी एका केंद्राकडून लेखी संमती घ्या: ‘या हत्तीला स्वीकारण्यास आम्ही तयार आहोत, वाहतूक व आजन्म देखभालीचा खर्च असा उचलला जाईल.’ हा एक कागद हातात असला की बैठकीतली भाषा बदलते. त्याच्याबरोबर क्षयाचा मुद्दा आधीच मिटवा. माणसांचा क्षय हत्तींना होतो, आणि कॅनडातल्या टोरांटोच्या प्राणिसंग्रहालयातल्या हत्तिणी हलवायच्या वेळी नव्या जागेत क्षय आहे हाच मुद्दा विरोधकांनी पुढे केला होता. दोन्हीकडच्या हत्तींचे ताजे अहवाल मागा.

निवेदन आणि न्यायालय

निवेदन तीन पानांचं पुरे: २००९ चा आदेश, वहीतल्या निवडक नोंदी, माहिती अधिकाराचे कागद, केंद्राची संमती. एक प्रत संग्रहालयाच्या मालकाला, एक केंद्रीय प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांना, एक नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांना. चौथी प्रत सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या उच्चाधिकार समितीला, जिची कक्षा मार्च २०२३ मध्ये देशभर वाढवली गेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीचा निर्णय याच समितीतून आला. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसलेलं निवेदन दिलंच नव्हतं असं समजा.

न्यायालय हा शेवटचा मार्ग आहे, आणि लांबचा. जोतिबाच्या सुंदर या हत्तीला सोडण्याचा आदेश राज्य सरकारने २०१२ मध्ये काढला. तो अंमलात यायला एप्रिल २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालय आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालय लागलं, तेव्हा कुठे जूनमध्ये तो बन्नेरघट्ट्याला पोचला. म्हणजे सरकार बाजूने असूनही दोन वर्षं. याचिका करायचीच असेल तर दोन गोष्टी सांगतो. एक, ‘हत्तीला माणसासारखे हक्क द्या’ अशी मोठी मागणी करू नका. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या हॅपी हत्तिणीची तशी याचिका तिथल्या सर्वोच्च पातळीवर २०२२ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळली गेली. आपल्याकडे त्याची गरजही नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अवास्तव आखूड किंवा जड साखळीने, अवास्तव काळ बांधणं ही क्रूरता स्पष्ट लिहिली आहे. दोन, हत्तींवर काम केलेल्या पशुवैद्याचं शपथपत्र जोडा. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र प्रतिपक्षाचा वकील दोन मिनिटांत उडवतो.

गाव, शहर, नगरसेवक

महादेवीची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. संधिवात, पायांचे आजार, तीन दशकांहून जास्त काळ मठात. समितीचा निर्णय, १६ जुलै २०२५ ला उच्च न्यायालय, २८ ला सर्वोच्च न्यायालय आणि त्याच रात्री हत्तीण गावाबाहेर, वनताराच्या वाटेवर. कायद्याच्या बाजूने सगळं पूर्ण. आणि ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो लोक चालत गेले, वनतारा रिलायन्सचं म्हणून घराघरांतून जिओची सिमकार्डं बदलली गेली, सरकारला भूमिका बदलावी लागली, आणि शेवटी नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र काढण्याचा प्रस्ताव आला. हत्तिणीच्या प्रकृतीबद्दल समिती बरोबर होती असं माझं मत आहे. पण ज्या लोकांनी तिला लहानपणापासून पाहिलं, त्यांच्यासमोर तिच्या पायांचे एक्स-रे कुणी कधी ठेवलेच नाहीत. कमलापूरचे हत्ती जामनगरला न्यायच्या बातमीवरही २०२२ मध्ये गडचिरोलीत असाच उठाव झाला होता, आणि तिथले लोक तर हत्ती जंगलातच राहावा म्हणत होते!

प्राणिसंग्रहालयाच्या हत्तीवरही शहराचा असाच जीव असतो. तीन पिढ्यांनी त्याला केळी दिलेली असतात. म्हणून आदेश यायच्या आधी शाळांमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघात, गणेश मंडळांत जा. ‘तुम्ही क्रूर आहात’ हे वाक्य एकदाही तोंडातून जाऊ देऊ नका. नखांचे फोटो दाखवा, नवी जागा दाखवा, आणि तिथे भेटायला कसं जाता येईल ते सांगा.

महापालिकेच्या संग्रहालयांसाठी टोरांटोचा दाखला उपयोगी आहे. तिथे संग्रहालयाचेच लोक विरोधात होते, तरी नगर परिषदेने २०११ मध्ये ठराव करून टोका, थिका आणि इरिंगा या तीन हत्तिणींना कॅलिफोर्नियातल्या केंद्रात पाठवायचं ठरवलं. ठरावापासून ट्रक सुटेपर्यंत दोन वर्षं गेली. सर्वसाधारण सभेत ठराव मांडू शकणारा एक नगरसेवक तुमच्या दहा हजार ऑनलाइन सह्यांपेक्षा जास्त कामाचा. सह्या गोळा करा, पण त्या नगरसेवकाच्या हातात द्यायला.

हलवण्याचा दिवस

इस्लामाबादच्या मरगझार प्राणिसंग्रहालयातून कावान हत्तीला हलवायचा आदेश २१ मे २०२० ला आला. त्याच संग्रहालयातले दोन सिंह जुलैमध्ये हलवताना मेले, कारण त्यांना पिंजऱ्यातून बाहेर काढायला कामगारांनी आत आग पेटवली होती. कावानच्या बाबतीत मात्र फोर पॉज या संस्थेच्या डॉक्टरांनी महिने दिले. त्याचं वाढलेलं वजन आहार बदलून उतरवलं, लोखंडी पेटी कुंपणातच आणून ठेवली, आत फळं टाकली, आणि तो आपणहून आत-बाहेर करायला लागेपर्यंत वाट पाहिली. २०२० च्या नोव्हेंबरअखेर तो मालवाहू विमानाने कंबोडियात पोचला, आणि लवकरच कुंपणापलीकडच्या दुसऱ्या हत्तीला त्याने सोंड लावली. त्याची सोबतीण सहेली २०१२ मध्ये गेल्यापासून त्याला ते मिळालं नव्हतं.

तुम्ही हत्ती हलवणार नाही. ते डॉक्टर आणि माहूत करतील. तुमचं काम लेखी विचारण्याचं: पेटीचा किंवा ट्रकचा सराव किती दिवस झाला? ओळखीचा माहूत सोबत आहे का? नर असेल तर माज उतरलाय का? प्रवास उन्हाळ्यात का ठेवलाय? वाटेत पाणी, चारा आणि थांबे कुठे? गुंगीचं औषध देणार असतील तर कोण देणार? अधिकारी घाईत ‘उद्या रात्री नेतो’ म्हणाले तर तुम्हीच थांबवा, मग बातमी हुकली तरी चालेल.

हलवल्यानंतर

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी प्रकृतीचा अहवाल मागायचा, हे आदेशातच लिहून घ्या. नंतर मागितला तर उपकार होतात. माहुताला कबूल केलेलं काम मिळालं का, तेही त्याच पत्रात विचारा. आणि रिकाम्या झालेल्या आवाराबद्दल त्याच सर्वसाधारण सभेत दुसरा ठराव करून घ्या, की इथे पुन्हा हत्ती आणला जाणार नाही आणि जागा अमुक कामासाठी वापरली जाईल. हा ठराव राहिला, तर दोन-चार वर्षांनी अंदाजपत्रकात ‘हत्ती आवार नूतनीकरण’ अशी एक बाब दिसेल, आणि वही पुन्हा नव्याने उघडावी लागेल.